लेकी बोले, सुने लागे : मोटारीच्या जाहिरातींतील आवाहन आणि श्रोता

जाहिरातींच्या भाषेचा अभ्यास करणारे आमचे विद्यार्थी मोटारीची एखादी जाहिरात हाती घेतात, तेव्हा बहुधा एक तक्ता तयार करतात. तक्त्याच्या एका बाजूस आवाहनाचे प्रकार येतात : बुद्धीला केलेले, भावनेला केलेले, विश्वासाला केलेले. दुसऱ्या बाजूस जाहिरात ज्या वर्गासाठी केली असेल त्याचे नाव येते : मध्यमवर्गीय कुटुंब, नोकरी करणारा तरुण, शहरातील स्त्री. इंधनाचा आकडा दिसला की तो पहिल्या रकान्यात, हसणारे मूल दिसले की ते दुसऱ्यात, नामवंत नट दिसला की तो तिसऱ्यात. तक्ता भरला की अभ्यास संपतो. असा तक्ता चुकीचा असतो असे नव्हे. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर आपणांस हवे असते त्याला तो स्पर्शही करीत नाही. एकच गोष्ट, तितक्याच खरेपणाने सांगितली असता, एके ठिकाणी मन वळविते आणि दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाइकास दूर लोटते, असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर श्रोत्याच्या कल्पनेत शोधावे लागेल, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. मोटारीची जाहिरात ज्याला उद्देशून बोलते, तो तिचा एकमेव श्रोता नसतो. ती ऐकणारे आणखी कोणी तरी जवळ उभे असतात, आणि गाडी घेणाऱ्याला याची पुरती जाणीव असते. साबणाची वडी घरात वापरली जाते. मोटार दारात उभी राहते. नवी गाडी घरी आली, पूजा झाली, पेढे वाटले गेले, की शेजारी विचारतात, "केवढ्याला पडली?" आणि लगेच, "किती देते?" जाहिरातीने या शेजाऱ्याचा विचार केला आहे की नाही, आणि कोणत्या नात्याने केला आहे, यावर तिचे यशापयश पुष्कळसे अवलंबून असते.

तिसऱ्याचे सांनिध्य

आवाहनांचे त्रिविध वर्गीकरण ॲरिस्टॉटलचे, हे सर्वांस ठाऊक आहे. वक्त्याच्या शीलावर आधारलेले आवाहन ते ईथॉस, श्रोत्याच्या मनोवृत्ती जागविणारे ते पॅथॉस, आणि प्रत्यक्ष युक्तिवादाचे ते लोगॉस. परंतु त्याच ग्रंथात त्याने आणखी एक विधान केले आहे, त्याकडे आपले दुर्लक्ष होते. बोलणारा, विषय आणि ऐकणारा हे भाषणाचे तीन घटक सांगून, भाषणाचे प्रयोजन यांपैकी ऐकणाऱ्यावरून ठरते, असे तो म्हणतो. म्हणजे श्रोता हा तक्त्याच्या शेवटी भरावयाचा रकाना नसून, इतर रकान्यांना अर्थ देणारा घटक होय.

मात्र ॲरिस्टॉटलचा श्रोता वक्त्यासमोर उघडपणे बसलेला असतो. बाजूस उभा राहून ऐकणाऱ्या तिसऱ्याचा विचार आपल्याकडील साहित्यशास्त्राने अधिक नेमकेपणाने केला आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट याने 'काव्यप्रकाशा'त अर्थाच्या व्यंजकतेची कारणे सांगताना वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलावयाचे तो, काकू, वाक्य, वाच्य, प्रसंग, देश, काल यांच्या जोडीला 'अन्यसंनिधी' हे एक कारण दिले आहे. कोणी तिसरा जवळ असल्यामुळे वाक्याला येणारा वेगळा अर्थ तो हा. त्याच्या उदाहरणातील सून शेजारणीपाशी तक्रार करते, की सासू दिवसभर राबविते आणि संध्याकाळी कुठे क्षणभर विसावा मिळाला तर मिळतो. शेजारणीला ही तक्रार वाटते. जवळच उभ्या असलेल्या प्रियकराला मात्र भेटीची वेळ कळते.

मराठी माणसाला हा विचार समजावून घेण्यासाठी ग्रंथाकडेही जावयास नको. 'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण त्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणीतील व्याकरण पाहण्यासारखे आहे. बोलण्याची क्रिया लेकीच्या दिशेने होते, परंतु लागण्याची क्रिया सुनेच्या ठिकाणी घडते. उच्चाराचा रोख आणि उच्चाराचा परिणाम यांची ही फारकत आधुनिक भाषाविज्ञानाने अलीकडे पद्धतशीरपणे अभ्यासली आहे. अर्व्हिंग गॉफमन याने १९७९ मध्ये 'श्रोता' या एका शब्दाखाली दडलेल्या भिन्न भूमिका वेगळ्या करून दाखविल्या. १९८४ मध्ये ॲलन बेल याने न्यूझीलंडमधील बातम्या वाचणाऱ्यांचे उच्चार तपासले. तेच निवेदक दोन निराळ्या केंद्रांवरून बोलताना आपले उच्चार त्या त्या केंद्राच्या श्रोत्यांप्रमाणे बदलतात, असे त्यास आढळले. त्यावरून संबोधित, सहश्रोता, कानावर पडते म्हणून ऐकणारा आणि चोरून ऐकणारा, अशी श्रोत्यांची उतरंड त्याने मांडली.

आता ही दृष्टी घेऊन मोटारीच्या काही जाहिरातींकडे पाहू.

गिऱ्हाईक जेव्हा तिसरा असतो

१९९८ मध्ये ह्युंदाई या कोरियन कंपनीने सँट्रो ही आपली पहिली गाडी भारतात आणली. त्या वेळी हे नाव येथील सामान्य माणसाने फारसे ऐकलेले नव्हते. नावाचा उच्चार कसा करावा हेही अनेकांस ठाऊक नव्हते. अशा वेळी कंपनीने 'आमच्यावर विश्वास ठेवा' असे म्हटले असते, तर ऐकणाऱ्याने साहजिकच 'तुम्ही कोण?' असे विचारले असते. कंपनीने तसे केले नाही. तिच्या चित्रफितींत कंपनीचा प्रतिनिधी शाहरुख खान या नटाकडे जातो आणि जाहिरातीत काम करण्यासाठी त्याचे मन वळवू लागतो. नट आढेवेढे घेतो, शंका काढतो : ही कंपनी कोणती, तिची गाडी आपल्या देशात चालेल काय, मी लोकांना तिची शिफारस का करावी? शंकांचे निरसन झाल्यावर तो राजी होतो.

तक्ता भरणारा विद्यार्थी येथे 'नामवंत नट, म्हणून ईथॉस' असे लिहील. परंतु नामवंत नट इतर शेकडो जाहिरातींतही असतात. या जाहिरातीचे वैशिष्ट्य असे, की प्रेक्षकाशी येथे थेट कोणी बोलतच नाही. जे बोलणे चालते ते कंपनी आणि नट यांच्यात. प्रेक्षक केवळ बाजूला उभा राहून ऐकतो. आपल्याला कोणी काही विकू पाहत आहे ही जाणीव झाली की मनुष्य सावध होतो. दुसऱ्याचे संभाषण ऐकताना तो तितका सावध नसतो. शिवाय त्याच्या मनातील शंका नटाने आधीच विचारलेल्या असल्यामुळे त्याला स्वतःला त्या विचारण्याचे कष्ट पडत नाहीत. लेक येथे नट आहे आणि सून प्रेक्षक. बोलणे मात्र टोचण्यासाठी नसून पटविण्यासाठी आहे, एवढाच म्हणीहून फरक.

शेजाऱ्याचा प्रश्न

याच्या उलट रचना मारुती सुझुकीच्या 'कितना देती है' या मालिकेत दिसते. येथे अत्यंत प्रगत, अवाढव्य किमतीचे एखादे यंत्र मोठ्या दिमाखाने दाखविले जाते आणि वर्णन संपल्यावर भारतीय पाहुणा शांतपणे एवढेच विचारतो, की हे किती देते? या प्रश्नात इंधन, लिटर, किलोमीटर यांपैकी एकही शब्द नाही. कर्ता अध्याहृत, कर्म अध्याहृत; उरते ते एक परिमाणवाचक आणि 'देणे' हे क्रियापद. मराठीतही आपण 'गाडी किती देते?' किंवा 'ॲव्हरेज किती देते?' असेच म्हणतो. दुभत्या जनावराविषयी विचारताना हेच क्रियापद येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. खाल्ले किती आणि दिले किती, असा तो हिशेब आहे.

वाक्यातील इतके घटक गाळूनही प्रश्न कळतो, याचा अर्थ तो विचारणारा आणि ऐकणारा एकाच समाजाचे आहेत. जाहिरातीने आपला श्रोतृवर्ग येथे वय, उत्पन्न अथवा शहर यांनी ठरविलेला नाही. ज्यांना हे अपुरे वाक्य पुरे वाटते ते सर्व तिचे श्रोते. इंधनाचा आकडा हा लोगॉस असे आपण म्हणतो. पण येथे आकडा सांगितलेलाच नाही. आहे तो प्रश्न, आणि तो विचारणे हा आपल्या समाजात काटकसरीपेक्षा शहाणपणाचा विषय मानला जातो, ही आठवण. दारात उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याच्याच तोंडचे वाक्य जाहिरातीने उचलले आणि त्याला प्रतिष्ठा दिली.

शेजाऱ्याला द्यावयाचे उत्तर

शेजाऱ्याच्या प्रश्नाला गिऱ्हाइकाच्या हाती उत्तर देण्याचा सर्वांत अभ्यसनीय प्रयत्न मात्र आपल्याकडचा नव्हे; तो अमेरिकेतील आहे आणि पुष्कळ जुना आहे. १९५९ मध्ये डॉयल डेन बर्नबाक या न्यूयॉर्कमधील जाहिरातसंस्थेने फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीसाठी 'थिंक स्मॉल', म्हणजे 'लहान विचार करा', ही छापील जाहिरात केली. मजकूर ज्युलियन कोनिग याचा, मांडणी हेल्मुट क्रोन याची. अमेरिकेत त्या काळी लांबलचक, मागे पंख काढलेल्या, चकचकीत गाड्यांचा थाट होता. त्यांच्या पुढे ही गाडी बुटकी आणि गोलाकार. शिवाय तिचा जन्म हिटलरच्या जर्मनीत झालेला आणि युद्ध संपून अवघी १४ वर्षे झालेली. जाहिरातीचे पान जवळजवळ कोरे होते. एका कोपऱ्यात गाडीचे इवलेसे चित्र आणि खाली साध्या शब्दांतला मजकूर.

त्या मजकुरात आकडे आहेत : गॅलनला ३२ मैल, म्हणजे लिटरला सुमारे साडेतेरा किलोमीटर, टायरची जोडी ४०,००० मैल टिकते. परंतु मजकुराची सुरुवात या आकड्यांनी होत नाही. ती होते इतर लोकांपासून. आता महाविद्यालयातील पोरे या गाडीत दाटीवाटीने बसून पाहण्याचा खेळ करीत नाहीत, पंपावरचा माणूस पेट्रोल कोठे भरावयाचे असे विचारीत नाही, तिच्या आकाराकडे कोणी टक लावून पाहत नाही, अशा आशयाची वाक्ये प्रथम येतात. हे सारे तिसरे आहेत, आणि जाहिरातीने त्यांना नाव घेऊन पुढे बोलावले आहे. गिऱ्हाइकाच्या मनात जी भीती असेल, म्हणजे 'लोक हसतील' ही, ती जाहिरात नाकारीत नाही. लोक हसत होते, आता हसत नाहीत, असे सांगते. त्यानंतरच आकडे येतात, आणि लहान जागेत गाडी उभी करणे, लहान विमा, दुरुस्तीचे लहान बिल अशी 'लहान' या विशेषणाची मालिका येते. मालिकेच्या अखेरीस त्या शब्दातील उणेपणा झडून गेलेला असतो.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'लेमन' या जाहिरातीचाही हाच मार्ग आहे. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली दृष्ट लागू नये म्हणून लिंबू ठेवतात. अमेरिकन इंग्रजीत मात्र 'लेमन' म्हणजे सदोष निघालेली गाडी. आपल्याच गाडीच्या चित्राखाली कंपनीने हा शब्द छापला आणि सांगितले, की कप्प्यावरील पट्टीला डाग होता म्हणून ही गाडी आमच्या तपासनिसाने बाजूस काढली. वुल्फ्सबर्गच्या कारखान्यात असे ३,३८९ लोक केवळ तपासणीचे काम करतात, असेही त्यात म्हटले होते. टीकाकाराच्या तोंडचा शब्द आधी आपणच उच्चारावा, म्हणजे त्याच्यापाशी बोलावयास काही उरत नाही. गिऱ्हाइकाला गाडीबरोबर हे उत्तरही मिळाले.

स्वस्तात मिळालेली आणि स्वस्तातली

आता ज्या उदाहरणासाठी ही सर्व पूर्वतयारी केली, त्याकडे वळू. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात टाटा मोटर्सने नॅनो ही गाडी जगापुढे ठेवली. कर आणि वाहतूक वगळून किंमत एक लाख रुपये. मागे बसविलेले ६२४ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन, चार माणसांना पुरेशी जागा. २३ मार्च २००९ रोजी मुंबईत तिचे विक्रीसाठी अनावरण झाले. गाडीच्या जन्माची कथा रतन टाटा यांनी स्वतः अनेकदा सांगितली होती. पावसात एका स्कूटरवरून चौघांचे कुटुंब चाललेले, बाप चालवितो आहे, एक मूल पुढे उभे, मागे आई आणि तिच्या कुशीत दुसरे मूल. या कुटुंबाला परवडेल अशी सुरक्षित गाडी करावी, या विचारातून नॅनो निघाली.

हेतू उदात्त होता. अभियांत्रिकी असामान्य होती. कथा खरी होती आणि ती ऐकून देशभर माणसे हेलावली. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. परंतु सर्वांत चांगल्या वर्षी, म्हणजे २०११-१२ मध्ये, सुमारे पाऊण लाख गाड्या खपल्या आणि २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबले. या अपयशाची कारणे अनेक आहेत. सिंगूरमधील जमिनीच्या वादामुळे कारखाना २००८ मध्ये गुजरातेत हलवावा लागला व त्यात वेळ गेला. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. किंमतही पुढे वाढत गेली. ही कारणे भाषेच्या अभ्यासकाने दृष्टिआड करणे योग्य नव्हे. तथापि 'सर्वांत स्वस्त गाडी' अशी तिची ओळख लोकांनी आणि कंपनीनेही करून दिली ही चूक झाली, असे स्वतः रतन टाटा यांनी २०१३ मध्ये बोलून दाखविले. तेथे प्रश्न भाषेचा होतो.

मराठीपुरते बोलावयाचे तर 'स्वस्त' हा शब्द दोन दिशांनी चालतो. 'ही साडी स्वस्तात मिळाली' असे म्हणताना विशेषणाचे क्रियाविशेषण होते. ते मिळविण्याच्या क्रियेला चिकटते आणि श्रेय घेणाऱ्याच्या चातुर्याला जाते. 'ही साडी स्वस्तातली आहे' असे म्हटले, की तेच पद वस्तूची जात सांगू लागते, आणि लक्षणेने ती जात नेसणारीलाही लागते. पहिल्या वाक्यात खरेदी करणारी कर्तृत्ववान आहे. दुसऱ्यात तिला काही कर्तृत्वच नाही. 'परवडणे' हे क्रियापद याहून निराळे. त्याला 'मला', 'त्याला' अशी चतुर्थी लागते. म्हणजे वस्तूचा आणि माणसाचा संबंध ते सांगते, वस्तूची प्रत सांगत नाही. फोक्सवॅगनच्या गिऱ्हाइकाला शेजाऱ्यापाशी 'स्वस्तात मिळाली' असे म्हणता आले. नॅनोच्या गिऱ्हाइकाला काही म्हणण्याची संधीच नव्हती, कारण गाडी दारात येण्यापूर्वी वर्षभर तिची किंमत साऱ्या देशाला पाठ झालेली होती. हिंदी वृत्तपत्रांनी तिला 'लखटकिया' म्हटले आणि तो शब्द आपल्याही कानांवर पडत राहिला. 'लाखमोलाचा' या आपल्या शब्दात लाख म्हणजे अमोल. येथे मात्र त्याच लाखाने किमतीचा ठेंगणेपणा दाखविला. "केवढ्याला पडली?" हा प्रश्न शेजाऱ्याने विचारावा लागलाच नाही; आणि जो प्रश्न विचारला जात नाही, त्याला उत्तरही देता येत नाही.

याहूनही खोल अडचण त्या स्कूटरच्या कथेत होती. कथा तृतीय पुरुषी आहे : 'ते' कुटुंब, 'त्यांची' अडचण. ऐकणारा देश सहृदय प्रेक्षक आहे. आपल्या रसशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे, तर ते चौघे करुणाचे आलंबन आहेत आणि रसिक आपण आहोत. करुण रसाचा आस्वाद घेणारा रसिक आलंबनाहून वेगळा असतो, म्हणूनच तो आस्वाद घेऊ शकतो. आता गाडी विकावयाची झाली, की ऐकणाऱ्याला सांगावे लागते, 'ते कुटुंब म्हणजे तुम्ही.' रसिकाने उठून आलंबनाच्या जागी जाऊन बसावे, आणि तेही सर्वांच्या देखत, अशी ही मागणी होती. स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाला आपली अडचण ठाऊक नसते असे नाही. पण बायकोमुलांना पावसातून नेताना तो स्वतःला कुटुंब सांभाळणारा कर्ता समजत असतो. कोणाच्या कणवेचा विषय समजत नसतो. पहिली मोटार तो घेतो, ती त्या कर्तेपणाची खूण म्हणून. नॅनोने त्याला गाडी देऊ केली आणि नकळत ती खूण काढून घेतली. पॅथॉस येथे दुबळा नव्हता, उलट अतिशय प्रभावी होता. परंतु तो गिऱ्हाइकाऐवजी बाजूला उभ्या असलेल्यांच्या हृदयाला जाऊन भिडला. बोलणे लेकीसाठी होते, लागले सुनेला. आणि लेक दुखावून निघून गेली.

कंपनीच्या हे ध्यानात आल्यावर पुढील जाहिराती किमतीविषयी मौन बाळगून आनंदाविषयी, आणि २०१३ पासून तरुणांच्या उत्साहाविषयी बोलू लागल्या. परंतु संबोधित श्रोता बदलला तरी तिसरा तोच होता, आणि त्याला किंमत पाठ होती. जे वाक्य समाजाच्या स्मृतीत रुजले ते नवे वाक्य उच्चारून पुसता येत नाही.

अभ्यासकांसाठी

या विवेचनावरून जाहिरातीच्या विश्लेषणात काय बदल करावा, ते सांगून लेख पुरा करू. आवाहनांचा तक्ता टाकून देण्याचे कारण नाही. मात्र तो भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला : व्याकरणदृष्ट्या ही जाहिरात कोणाशी बोलते, आणि 'तुम्ही', 'आम्ही', 'ते' ही सर्वनामे कोणाला लागू होतात? दुसरा : हे बोलणे चालू असताना जवळ कोण उभे आहे असे जाहिरात गृहीत धरते, आणि त्याला ती बोलावते, गप्प करते, की विसरते? तिसरा : वस्तू घेतल्यानंतर या तिसऱ्याने प्रश्न केला, तर घेणाऱ्याला उच्चारता येईल असे वाक्य जाहिरातीने त्याच्या हाती दिले आहे काय? प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना भेटून त्यांच्या तोंडची वाक्ये टिपणे ही याची पुढची पायरी. येथे केवळ जाहिरातींच्या मजकुराचा विचार केला आहे, आणि त्या मर्यादेतच हे निष्कर्ष घ्यावेत.

मोटारीच्या जाहिराती हा काही फार मोठा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु गरजूला त्याची गरज त्याचा मान राखून कशी सांगावी, हा प्रश्न जाहिरातीपुरता नाही. शासनाची योजना, दवाखान्यातील सूचना, विद्यापीठाची शुल्कमाफीची नोटीस, या सर्वांना तो लागू आहे. शुल्कमाफीसाठी पात्र असलेला विद्यार्थी अर्ज न करता परत जातो, तेव्हा नोटीस त्याला कळली नाही असे आपण समजतो. कदाचित ती त्याला नीट कळलेली असते. शेजारी उभ्या असलेल्या मित्रानेही ती वाचली, एवढेच घडलेले असते.